धायटीची ओळख

फाल्गुन लागला की सगळ्यांच्या नजरा पळसाकडे. स्टेटसवर पळस, कवितेत पळस. पण आमच्या खानापूरच्या बाजूला रानाच्या कडेने, दगडाळ उतारावर एक झुडूप त्याच दिवसांत लालेलाल होतं आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती धायटी.

ओळखायची कशी? उंची साधारण माणसाएवढी, कधी थोडी जास्त. फांद्या लांब, वाकलेल्या. पानं समोरासमोर, भाल्यासारखी निमुळती, देठ जवळजवळ नाहीच. पान उलटून बघा, मागची बाजू फिकट आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. फुलं एकेकटी नसतात, पानांच्या बगलेत झुबकेच्या झुबके.

खरी गंमत फुलात आहे. आपल्याला दिसतो तो लाल रंग पाकळ्यांचा नव्हेच. ती निदलपुंजाची नळी, सेंटीमीटरभर लांब. खऱ्या सहा पाकळ्या तिच्या तोंडाशी इतक्या बारीक, की शोधाव्या लागतात. बाहेर डोकावतात ते बारा पुंकेसर. पुढे फळही त्या नळीतच धरतं.

बॉटनीच्या तासाला हे मी ‘वुडफोर्डिया फ्रुटिकोझा’ या नावाने शिकले. मेंदी नि डाळिंब हिच्याच कुळातले. आयुर्वेदात ही धातकी. अशोकारिष्टासारखी औषधं आंबवायला हिचीच फुलं घालतात.

घरी आजीला फोटो दाखवला. ती लगेच म्हणाली, “अगं, ही धायटी! गुरांमागं जायचो तवा फुलं उपटून मागनं चोखायचो. लई गोड.” ज्या मधासाठी शिंजीर येतो, तोच मध! पुस्तकात ही चव नव्हती. मग तिने विचारलं, “वड्याच्या वरच्या अंगाला हाय का गं अजून?”

मी जाऊन बघितलं. रस्ता रुंद करताना खालचा उतार पार खरवडलाय. वर तीन झुडपं उरलीत, फुललेली. आजीच्या गुडघ्यांना तिथवर चढवत नाही. तिला सांगितलं, “तीन आहेत.” ती म्हणाली, “मग पोरास्नी दाव.”

म्हणून या रविवारी धाकट्या चुलतभावाला नेणार आहे. तो इंग्रजी शाळेत जातो, घरात मराठी, गल्लीत कन्नड. धायटी त्याला एकाही भाषेत ठाऊक नाही. आधी एक फूल चोखायला देईन. नाव नंतर.