वर्गणी दुसऱ्या खेपेसाठी

चि. गजू,


भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांचा ईसीजी काढायचा आणि त्यासाठी अनसिंगात पावत्या फाडायच्या, हा तुझा बेत ताईनं फोनवर सांगितला. पुसद रोडवर पहाटेच्या अंधारात, मोबाइलचं घड्याळ लावून १६०० मीटर मारणारी तुमची टोळी मी पाहिली आहे. अंगणवाडीपासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोरांना तपासतं. १८ भरले की ते सुटलं. आणि पोलीस भरतीचं वय नेमकं १८ लाच सुरू होतं.

पण पावतीपुस्तकावर नुसतं ‘ईसीजी शिबिर’ छापू नको. ईसीजी स्वस्तातलं काम. माझी नोकरी त्यातच गेली: छातीवर गार जेली, सहा रबरी फुगे, हातापायाला चिमटे, गुलाबी कागद सरकला की झालं. खर्च पुढं आहे. रोज पळणाऱ्याची नाडी पन्नासावर येते, तर मशीन आपल्या मनानं ‘दोष’ छापून मोकळं होतं, अन् घरात रडारड. म्हणून कागद हृदयरोगतज्ज्ञानंच वाचायचा. त्याला शंका आली की टू-डी इको. त्यासाठी अकोल्याची खेप, सोबत बाप, दोघांची मजुरी बुडाली. बरेच जण इथंच थांबतात. ऑपरेशन निघालंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ह्या मधल्या खेपेला वाली नाही. निम्मी वर्गणी तिच्यासाठी बाजूला काढ.

इटलीनं १९८२ पासून खेळाडूंना ही ईसीजीची तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आले. तिथंही आधी फुकटचे प्रश्नच विचारतात: पळताना भोवळ आली का? घरात कुणी तिशी-चाळिशीत उभ्या-उभ्या गेलं का? हे दुसरं ज्याच्या त्याच्या आजीला विचार. पोट्टे सरसकट ‘नाही’ म्हणतात.

पोरींना वेगळी खोली, तिथं बाईच हवी. आणि निकाल माईकवर नको, बापा! एकीचं नाव फुटलं तर सोयरीक मोडायची.

सोयाबीन विकल्याशिवाय कुणी पावती घेणार नाही, तेव्हा तारीख दिवाळीनंतरची धर. मशीन मी आणतो. पहिली पट्टी तुझी. आठवीत कवायतीच्या वेळी तू पडला होतास; ताईनं उपाशी होता म्हणून विषय सोडला. मी सोडलेला नाही.

तुझा,
मामा