दगडावरून चालणारी गाडी

शिवाजी पेठेतल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. मोठ्यांचे बघून तो आपोआप शिकतो. आमचा धाकटाही तसाच शिकला. २०२३ च्या मार्च महिन्यात गांधी मैदानावर खेळताना त्याचा उजवा पाय मोडला. नडगीचे हाड दोन ठिकाणी गेले होते. ऑपरेशन झाले, आत सळी बसली आणि डॉक्टरांनी सांगितले की वर्षभर मैदानाचे नाव काढायचे नाही. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

आम्ही दोघे कष्टाची माणसे. आमच्यातल्या एकाचा दिवस उद्यमनगरात लेथवर जातो, दुसरीचा घरी शिलाई मशीनवर. पोराजवळ बसायला कुणाला सवड नव्हती. मित्र सुरुवातीला रोज आले, नंतर येईनासे झाले. पावसाळा संपता संपता कुबड्या सुटल्या. डॉक्टर म्हणाले, आता रोज चालायला हवे, नाहीतर पायाची ताकद परत यायची नाही. पण पोरगा दाराबाहेर पाऊल टाकेना. ज्या गल्लीतून तो पळत जायचा, त्याच गल्लीतून लंगडत जायची त्याला लाज वाटे. आम्ही रागावलो, समजावले, लालूच दाखवली. काही उपयोग झाला नाही. आज्जी म्हणायची, "हाड जुळलं बाई, पण मन जुळंना."

अशात एक दिवस त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. जीपसारखी दिसणारी लहानशी गाडी एका मोठ्या दगडावर चढत होती. अगदी हळू. एक चाक वर, एक खाली, मध्येच थांबून पुन्हा पुढे. हातातल्या रिमोटवर चालणाऱ्या या गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात, असे त्याने सांगितले. आम्ही म्हणालो, "एवढी हळू गाडी घेऊन काय करायचं?" तो म्हणाला, "आई, ती पळत न्हाई, चालती. तिच्या मागनं आपल्यालाबी चालाय लागतंय."

त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. किंमत साडेपाच हजार होती. दिवाळीच्या तोंडावर भिशी लागली होती आणि त्या पैशातून शिलाई मशीनला मोटर बसवायची ठरले होते. पायाने मशीन मारून गुडघे दुखतात, म्हणून. एकाचे म्हणणे, दवाखान्याचे देणे अजून फिटले नाही, त्यात खेळणे कसले? दुसरीचे म्हणणे, मोटर पुढच्या वर्षीही बसेल, पोराच्या पायाला पुढचे वर्ष मिळणार नाही. शेवटी जिचे गुडघे दुखत होते, तिचेच म्हणणे खरे ठरले.

गाडी घेण्याआधी आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारपूस केली. त्यातून जे कळले ते इथे सांगतो. बाजारात दोन जातींच्या गाड्या मिळतात. एक नुसते खेळणे. बटण दाबले की पूर्ण वेगाने सुटते आणि मोडले की फेकून द्यायचे. दुसरी जात छंदाची. तिचा रिमोट थोडा दाबला की गाडी थोडीच हलते, जास्त दाबला की जास्त. स्टिअरिंगही हवे तेवढेच वळते. तिचे सुटे भाग मिळतात. दुकानात गाडी हातात घेऊन एवढे दोन प्रश्न विचारले की ओळख पटते. दगड चढायला ही दुसरीच जात लागते.

आकाराचाही हिशेब असतो. एकास दहा म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीने २०१७ साली आणलेली टीआरएक्स-४ ही त्या मापाची नावाजलेली गाडी. पण तिची किंमत आपल्या घरांना झेपणारी नाही. ॲक्सियल कंपनीने २०१९ साली एकास चोवीस मापाची एससीएक्स-२४ आणली. ती तळहातापेक्षा थोडी मोठी, घरातल्या पुस्तकांच्या चढावरही चालते. आमची एकास सोळा मापाची, दीड वीत लांब. बाहेरून येणारी खेळणी आपल्याकडे महाग का पडतात, तेही कळले. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. म्हणून पहिली गाडी लहान आणि साधी घ्यावी. मोडतोड तिच्यावरच होणार असते.

रिमोटसाठी परवाना लागतो का, ही एक शंका होती. या गाड्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. त्या पट्ट्यातली कमी ताकदीची साधने वापरायला आपल्या देशात २००५ सालापासून परवाना लागत नाही. लहरींवर यंत्र चालवायची युक्ती तशी जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर एक छोटी नाव अशीच चालवून दाखवली होती. जपानच्या तामिया कंपनीने आपली पहिली रिमोटची मोटारगाडी १९७६ साली विकायला आणली.

गाडी आली. पहिल्या रविवारी बाप-लेक सकाळी सहाला रंकाळ्यावर गेले. त्या वेळी रस्त्यावर ओळखीचे कुणी नसते, म्हणून पोरगा तयार झाला. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असे सांगतात. काठाला काळा दगड भरपूर. पोराने पहिलाच दगड ढोपराएवढा निवडला. गाडी निम्म्यावर गेली, पुढची चाके उचलली आणि उताणी पडली. दहा वेळा चढवली, दहा वेळा पडली. पोरगा रडकुंडीला आला. "फसवलं आपल्याला," म्हणाला.

खरे तर चूक आमचीच होती. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून पोराने टपावर जादा चाक, खेळण्यातला डबा, दोरी असे सगळे बांधले होते. उसाची बैलगाडी भरताना बघितलेल्या माणसाला हे लगेच कळायला हवे होते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि वर जास्त झाले की वळणावर कलंडते. दगडावर चढताना तर सगळा भार आपोआप मागे जातो. म्हणून क्रॉलरचे वजन खाली आणि पुढे असावे लागते. टपावरचे सगळे काढले. गाडी आता अर्ध्याऐवजी पाऊण दगड चढू लागली.

उरलेला पाव दगड आम्ही घरी सोडवला. पुढच्या चाकांत बसवायला पितळी कड्या मिळतात, पण त्या आणखी हजार रुपयांच्या. पितळ का, तर ते लोखंडापेक्षा जड, तेवढ्याच जागेत जास्त वजन मावते. पोराने विचारले, "पप्पा, ह्या कड्या हितं होत्यात का?" पप्पांना हसू आले. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा हाताने तयार केला, त्या गावात पितळेची कडी होणार नाही? शेठना विचारून भंगारातला एक तुकडा घेतला आणि सुट्टी झाल्यावर पोराला कारखान्यात नेले. चाकाचे माप त्याच्याकडूनच घेतले. जॉब चकमध्ये धरला, बोअर केले, बाहेरून दोन सूत उतरवले. तीसेक ग्रॅमच्या दोन कड्या झाल्या. वीस वर्षे आम्ही लोकांचे जॉब काढतो आहोत. आपला बाप काय काम करतो, हे पोराने त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहून बघितले.

चाकांचे काम दुसरीकडे आले. या गाड्यांच्या टायरात हवा नसते, आत स्पंज असतो. आमच्या गाडीचा स्पंज इतका पातळ होता की टायर दगडावर दुमडून निसटत होते. शिलाईच्या उरलेल्या सामानात उशीचा स्पंज होता. तो कात्रीने गोल कापून चारही टायरांत भरला. फार गच्च भरला तर टायर दगडाला चिकटत नाही, फार सैल भरला तर दुमडतो. तिसऱ्या खेपेला जमले. आमच्या लहानपणी जुन्या चपलेच्या रबराची चाके कापून गाडा करायचो, ते त्या वेळी आठवले. हातांना ते काम पुन्हा ओळखीचे वाटले.

आता गाडीच्या आतले थोडे सांगतो. साधी मोटार वळते तेव्हा आतले चाक हळू आणि बाहेरचे जोरात फिरावे लागते. ते काम डिफरन्शियल करते. पण एक चाक हवेत उचलले गेले की तेच चाक नुसते गरगरते आणि गाडी अडकते. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणूनच डिफरन्शियल लॉक लावतो. बहुतेक क्रॉलरमध्ये ते कायमचे लॉक असते. चारही चाके बरोबरच फिरतात. मोटर भराभर फिरते, पण मधले गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. म्हणून गाडी हळू चालते आणि हळू चालते म्हणूनच चढते. नवख्या माणसाची पहिली चूक ही, की गाडी अडली की तो रिमोट जोरात दाबतो. त्याने चाके घसरतात, गिअरचे दात तुटतात. अडली की थांबावे, थोडे मागे घ्यावे, दगड बघावा, चाकाला दुसरी जागा शोधावी. दगड गाडीच्या पोटाखाली घेऊ नये, पोट टेकून गाडी अधांतरी अडकते. चाक दगडाच्या माथ्यावर घालावे.

एक चूक मात्र महागात पडली असती. एका रात्री गाडीचा स्विच चालूच राहिला. बॅटरी पार उतरली आणि सकाळी पुन्हा चार्जिंगला लावली तर फुगली. वेळीच लक्षात आले म्हणून बरे. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. तिच्या एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, तो ३ व्होल्टच्या खाली कधी जाऊ देऊ नये. खेळून झाले की बॅटरीची पिन काढून ठेवावी. चार्जिंग फरशीवर करावे, गादीवर नाही, आणि घरात कुणी जागे असतानाच करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, कचऱ्यातही टाकू नये, इलेक्ट्रॉनिक भंगार गोळा करणाऱ्याकडे द्यावी. एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या आपल्या घरांत हा नियम सगळ्यात आधी शिकवावा. स्वस्त गाडीतले सामान पाण्याने खराब होते, म्हणून रंकाळ्यावरही काठाच्या अगदी कडेला जायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले. आणि देवळांच्या, जुन्या घाटांच्या पायऱ्यांवर गाडी चालवायची नाही. त्या दगडांवर ओरखडे आले तर ते भरून येत नाहीत.

पण हे सगळे लिहायचे कारण वेगळे आहे. मोबाईलवरची गाडी बसल्या जागी चालते. ही गाडी चालवणाऱ्याला बरोबर चालवते. दगडाच्या या बाजूने बघायचे, त्या बाजूने बघायचे, वाकायचे, उठायचे. तिचा वेग माणसाच्या पावलाएवढा, तोही दुखऱ्या पायाच्या पावलाएवढा. पोराची नजर पायावरून निघून चाकावर गेली. पहिल्या रविवारी रंकाळ्यापर्यंत जाताना तो चार ठिकाणी थांबला होता. होळीपर्यंत न थांबता जाऊ लागला, आणि तेही सहाला नव्हे, आठला, पेठेतले लोक रस्त्यावर असताना. एकदा एका बाईंनी विचारले, "पाय कसा हाय रे?" त्याने सांगितले, "बरा हाय. पण फुडच्या चाकाला वजन कमी पडतंय."

सगळे चांगले झाले असे म्हणणार नाही. पाय थोडा लंगडतोच. संघात त्याची जागा दुसऱ्याने घेतली, ते दुःख त्याच्या मनात आहे. सामन्याच्या दिवशी पेठेत ढोल वाजले की तो गप्प होतो. गाडीने ते दुःख घालवले नाही. पण दार उघडून बाहेर पडायला तिने कारण दिले. गल्लीतल्या तीन पोरांनी पुढे वर्गणी काढून एकच गाडी घेतली. ती ते पाळीपाळीने चालवतात आणि बिघडली की आमच्या दारात आणतात. आमचा धाकटा पेचकस घेऊन बसतो.

ज्यांच्या घरी असे मागणे येईल, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. ऐपत नसेल तर स्पष्ट सांगा, कर्ज काढून गाडी घेऊ नका. तीन घरे मिळून एक घेतली तरी चालते. घेतली तर ती दुरुस्त करायला पोराबरोबर बसा. आपल्या हातातली कला, लेथ असो, सुतारकाम असो, शिलाई असो, पोराला दाखवायला याहून चांगले निमित्त आम्हाला तरी मिळाले नव्हते.

शिलाई मशीनला मोटर अजून बसलेली नाही. पुढच्या भिशीत बसवू. पोरगा म्हणतो, वायरिंग मी करून देतो. मोटरला हात लावायच्या आधी पिन काढायची असते, हे मात्र आता त्याला सांगावे लागत नाही.