टॅन, क्लिक, टॅन, क्लिक

एल, एंटर. टॅन, एंटर, पहिल्या वर्तुळावर क्लिक. टॅन, एंटर, दुसऱ्या वर्तुळावर क्लिक. एंटर. झालं! दोन्ही वर्तुळांना बाहेरून टेकून जाणारी रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर हजर. दहावीला भूमितीच्या पेपरात बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची आठवतेय? बिंदू केंद्राला जोडा, लंबदुभाजक काढा, मध्यबिंदूवर कंपास टेकवा, कंस मारा, छेदनबिंदू जोडा, आणि एवढं करून कंपासमधली पेन्सिल जराशी सैल असली की रेघ वर्तुळाला टेकायच्या ऐवजी कापूनच जायची. ज्यांनी हे सोसलंय त्यांनाच कळेल की भर दुपारी ऑफिसात मी एकटीच टाळ्या का पिटत होते.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माझ्याकडे बिलं, चलनं, पगार आणि जीएसटी. ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, चालतं ते शेजारच्या टेबलावर, ड्रॉइंग करणाऱ्या पोराच्या ताब्यात. काळ्या पडद्यावर बारीक रंगीत रेघा आणि त्याची बोटं कीबोर्डवर. हे इंजिनिअर लोकांचं काम, आपण कशाला डोकं घालायचं, असं मला कायम वाटायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, "काय रे, तुझी रेघ सरळच कशी येते? माऊस तर हलतोय." डबा बाजूला सारत तो म्हणाला, "बसा वहिनी. एफ आठ दाबा. आता काढा बघू वाकडी." होईना वाकडी! आडवी नाहीतर उभी, तिसरा रस्ताच नाही. तेव्हापासून त्या खुर्चीवरून मला उठवायला फोन वाजावा लागतो.

मुख्य गंमत अशी की इथे रेघ ओढायची नसते, सांगायची असते. ०,० पासून निघा. @८०,० म्हणजे आहात तिथून ८० मिलिमीटर उजवीकडे. @५०<३० म्हणजे आहात तिथून ५० लांब, ३० अंशांच्या कोनात. हात थरथरू दे, माऊस घसरू दे, हाताला विचारतंय कोण! अंश मोजायचे उजव्या हाताच्या आडव्या दिशेपासून आणि घड्याळाच्या उलट. कंसही मुळात तसाच उलटा वळतो. (जन्मभर देवळात उजवी प्रदक्षिणा घातलेल्या बाईला हे अंगवळणी पडायला जरा वेळ लागतो.) आणि स्केलची भानगड नाही! तीन मीटरचा पत्रा तीन मीटरचाच काढायचा, पडद्यात मावतो की नाही ही चिंता पडद्याची. लहानमोठं काय करायचं ते छापताना.

मग वर्तुळ. सी, एंटर, केंद्र ०,०, त्रिज्या २०. आमच्याकडे त्रिज्या कुणी बोलत नाही, सगळा हिशोब डायाचा, म्हणजे व्यासाचा. तर सॉफ्टवेअरला तेही ठाऊक आहे: मध्येच डी दाबा, ते डाया मागतं. मी माऊसचं चाक फिरवत वर्तुळाच्या काठाजवळ गेले, आणखी जवळ, आणखी जवळ. रेघ जाड होतच नाही! पेन्सिलची रेघ भिंगातून पाहिली तर कोळशाचा रस्ता दिसतो. इथे तीच केसाएवढी रेघ. एकदा मात्र वर्तुळाला कोपरे दिसले आणि माझा चेहरा पडला. पोरगा म्हणाला, "आरई मारा." मारलं, परत गुळगुळीत. म्हणजे कोपरे पडद्यावर होते, वर्तुळात नव्हतेच. वर्तुळ मग असतं कुठे?

ते मी शोधून काढलं! लेसर कटिंगवाल्याला आम्ही डीएक्सएफ नावाची फाइल पाठवतो. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते, कारण ती नुसती मजकुराची फाइल असते. सुरुवातीला पानंच्या पानं अगम्य मजकूर. खाली सरकत जा, सरकत जा, आणि एका ओळीवर सर्कल हा शब्द. त्याच्या थोडं खाली १० हा आकडा आणि पुढच्या ओळीवर केंद्राचा क्ष. मग २०, आणि त्याखाली केंद्राचा य. ३०, त्याखाली उंची, जी आपल्या सपाट कामात शून्य. ४०, आणि त्याखाली त्रिज्या. बस्स! परीघ नाही, पाय नाही, काठावरचा एकही बिंदू नाही. वर्तुळाऐवजी कंस असेल तर आणखी दोन आकडे, ५० आणि ५१ च्या खाली: कुठल्या कोनापासून कुठल्या कोनापर्यंत. एवढ्या मजकुरावरून लेसरचं डोकं सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून गोल फिरून येतं. तो नोटपॅड मी घरी यांनाही दाखवला. त्यांनी "बरं" म्हटलं.

आता गॅस्केट. दोन बोल्टचं, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे कान असलेलं, पंपावर बसतं तसलं. हे मी स्वतः, कुणी न सांगता काढलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मध्यभागी ०,० वर दोन वर्तुळं: त्रिज्या २० हे भोक, त्रिज्या ३० ही बाहेरची कड. उजवीकडे ४२,० वर आणखी दोन: ५.५ बोल्टसाठी, ११ कानासाठी. मग टॅन, क्लिक, टॅन, क्लिक, म्हणजे मोठ्या वर्तुळापासून कानापर्यंत वरची तिरपी कड. खालची कड वेगळी काढायची का? छे! एमआय, मिरर. आडव्या अक्षात आरसा धरा, खालची कड आली. मग कान, त्याचं भोक आणि दोन्ही कडा निवडून उभ्या अक्षात आरसा धरा, डावी बाजू अख्खी आली. आता आकृतीत नको असलेल्या कंसांचा गुंता आहे. टीआर, ट्रिम. आतल्या कंसावर क्लिक केलं की तो जिथे स्पर्शिका टेकते बरोबर तिथपर्यंतच उडतो. चट्. चट्. चट्. ओल्या मातीवरून तारेनं कडा छाटाव्यात तसं वाटतं, आणि थांबवत नाही.

स्पर्शबिंदू नक्की कुठे, हे मी कुठेही सांगितलं नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की रेघ टेकली पाहिजे. कुठे टेकायचं ते तिचं तिने शोधलं. हे मनात आलं तेव्हा अंगावर काटा आला. शाळेत प्रमेय पाठ करायचं ते सिद्धतेसाठी: त्रिज्या स्पर्शिकेला स्पर्शबिंदूत लंब असते, इति सिद्धम्, तीन मार्क. इथे तेच प्रमेय नोकरीला लागलंय, दिवसभर राबतंय!

शेवटी पीई लावून सगळे तुकडे जोडून एकच बंद आकृती केली, कारण लेसरला कड सलग लागते. आणि हो, ओव्हरकिल नावाचा एक कमांड आहे. एकाच जागी एकावर एक दोन रेघा पडल्या असतील तर डोळ्यांना एकच दिसते, पण लेसर दोन्ही कापतो, म्हणजे त्याच फटीतून दोनदा जातो. ओव्हरकिल त्या जुळ्या रेघा हुडकून एक ठेवतो. नावही काय सुंदर!

बहुभुजांवर तर मी लिहीतच सुटेन. पीओएल म्हणा, बाजू विचारतो, ३ पासून १०२४ पर्यंत! मग विचारतो, वर्तुळाच्या आत की बाहेर. हा प्रश्न मला आधी शाळकरी वाटला. पण दहाच्या बोल्टला १७ चा पाना लागतो, आणि ते १७ म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर. तेव्हा षटकोन ८.५ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर बसवायचा. आत बसवला तर १७ हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप होतं, सपाट बाजूंमध्ये जेमतेम १४.७२ उरतात, आणि पाना नुसताच गरगर फिरतो. परिवर्तुळ आणि अंतर्वर्तुळ यांतला फरक मला कुठल्याही बाईंनी इतका नीट समजावला नव्हता.

मग मी सात टाकले. सात! कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढ्यावर सुसम सप्तकोन काढताच येत नाही. लंबदुभाजक, कोनदुभाजक, काहीही करा, येत नाही. गाउसनं १७९६ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, सुसम सतराकोन काढता येतो हे दाखवलं. सातकोन का येत नाही याची सिद्धता वँत्सेल या फ्रेंच माणसानं १८३७ मध्ये दिली. आणि इथे सात, एंटर, क्लिक, आला! ही चलाखी आहे हे मला कळतं. सॉफ्टवेअर ३६० ला ७ नं भागून ५१.४२८५७ असे पंधरा-सोळा अंकांपर्यंत जातं आणि तेवढ्यावर भागवतं. युक्लिडनं नापास केलं असतं. आमचा लेसरवाला पास करतो.

कारखान्यातलं सगळ्यात उपयोगी मात्र तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ. जुन्या बिडाच्या झाकणाचा तुटका तुकडा घेऊन गिऱ्हाईक येतं, "असलंच पाहिजे." तुकडा परिघाचा तिसरा हिस्सा, केंद्र हवेत. आमचे मिस्त्री त्यावर दोन जीवा आखतात, गुण्या लावून मधोमध लंब काढतात आणि ते मिळतात तिथे केंद्र. मी तुकडा आलेख कागदावर ठेवला, कडेचे तीन बिंदू टिपले, सी, ३पी, आकडे टाकले, वर्तुळ पुरं झालं. डाया १४९ च्या थोडा वर. मिस्त्री म्हणाले, "दीडशेच असणार, झिजलंय." एक लक्षात ठेवा, बिंदू एकमेकांपासून होईल तितके लांब घ्या. जवळ जवळ घेतले तर टिपताना अर्ध्या मिलिमीटरची चूकही केंद्राला कुठच्या कुठे नेते.

स्प्लाइनबद्दल थोडक्यात, कारण आमच्या कामात ती फारशी लागत नाही. बिंदू टाकत जा, त्यांतून एक लवचीक वळण जातं. जहाज बांधणारे लाकडाची पातळ पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून वाकवायचे आणि तिच्या कडेनं रेघ मारायचे, तिथून ही आली. पुढे मोटारींच्या अंगासाठी सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए यांनी असल्या वळणांचं गणित बसवलं. द कास्तेल्जोचं काम १९५९ मधलं, पण कंपनीनं गुपित ठेवलं, म्हणून नाव झालं बेझिएचं. तुमच्या मोबाइलवरच्या 'क'ची गोलाई याच गणितावर उभी आहे! लेसरवाला मात्र स्प्लाइन पाहून कुरकुरतो. बऱ्याच मशीनना सरळ रेघ आणि कंस एवढंच कळतं, मग वळणाचे बारीक तुकडे पाडावे लागतात.

आणि हे सगळं नवीन नाही म्हणे! ऑटोकॅड १९८२ चं. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलंडनं पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला होता. पडद्यावर प्रकाशलेखणीनं वेड्यावाकड्या रेघा काढायच्या आणि सांगायचं, या दोन समांतर, या दोन काटकोनात. रेघा आपापल्या जागी जायच्या. साठ वर्षं ही जादू जगात होती आणि मी ड्रॉइंगच्या टेबलाशेजारी बसून चलनं फाडत होते!

तुम्हाला करून बघायचं असेल तर ऑटोकॅड विकत घ्यायची गरज नाही. लिब्रेकॅड फुकट आहे, साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि तेही डीएक्सएफच वापरतं.

मी सध्या अपोलोनियसच्या नादाला लागले आहे. हा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक भूमितीवाला. त्याचा प्रश्न: तीन वर्तुळं दिली आहेत, तिघांनाही टेकणारं चौथं काढा. वर्तुळं एकमेकांपासून सुटी असली आणि एका ओळीत उभी नसली की साधारणपणे उत्तरं आठ येतात. एखादं तिघांना बाहेरून टेकतं, एखादं तिघांना पोटात घेतं, बाकीची कुणाला आत घेतात, कुणाला बाहेर ठेवतात. ऑटोकॅडमध्ये सी, ३पी, आणि तिन्ही वेळा टॅन. वर्तुळाच्या कुठल्या बाजूला क्लिक केलं त्यावर उत्तर बदलतं! आतलं आणि बाहेरचं मिळालं. मधली काही मिळाली. काही अजून हुलकावणी देतायत, आणि पोरगा म्हणतो, "वहिनी, मला फ्लँजचं ड्रॉइंग द्यायचंय चारपर्यंत, उठता का?"

पाच मिनिटं थांब म्हटलं.