मधली फट

चि. मंदार,


ट्रकमधल्या ब्रेक-कंट्रोलरचा दिवा लागतो, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक ठीक आहेत, हे तुझं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. तो दिवा वायर जोडलेली आहे एवढंच सांगतो. ड्रमच्या आत शू आणि ड्रम यांच्यामध्ये किती फट आहे हे त्याला कळत नाही, आणि ट्रेलर वेळेवर थांबणं त्या फटीवर ठरतं. तू पेडल दाबलंस की चाकातल्या विद्युतचुंबकात प्रवाह जातो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. तो ज्या तरफेवर बसवलेला असतो ती तरफ मग शूंना बाहेर रेटते. शूवरचं लायनर झिजलं की फट वाढते, आणि तरफेची बरीचशी चाल ती फट भरण्यातच जाते. साध्या इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये ही फट आपोआप कमी होत नाही. म्हणूनच अ‍ॅक्सल बनवणारी डेक्सटर कंपनी पहिल्या 200 मैलांनंतर आणि पुढे दर 3,000 मैलांनी ब्रेक जुळवायला सांगते.

कंट्रोलरवरचा गेन वाढवला की भागतं, असं तू म्हणशील. गेनने प्रवाह वाढतो, फट कमी होत नाही. त्यातून चारही चाकांची फट सारखी नसली, तर घट्ट चाक लगेच जाम होऊन टायर घासत जातं आणि सैल चाक नुसतं फिरत राहतं. हे कळूनही येत नाही, कारण ट्रेलर ओढणारा ट्रक ट्रेलरचा भार आपल्याच ब्रेकवर पेलत असतो. सपाट रस्त्यावर ते खपतं. पण तुम्ही डेन्व्हरकर. तुमच्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून उंचावर आहे, आणि तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार आहे. ताशी 60 मैलांनी जाणाऱ्या तीन टनांच्या ट्रेलरमध्ये, तो बाराव्या मजल्यावरून पडला तर जेवढी ऊर्जा येईल, तेवढी असते. ब्रेकने थांबवताना तिची उष्णता होते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरकतो, म्हणजे ड्रम थंड असतानाच मोठी असलेली फट ऐन गरजेच्या वेळी आणखी मोठी होते.

जुळवणी अवघड नाही. चाकांना ठोकळे लाव, जॅक चौकटीखाली घे, अ‍ॅक्सलखाली कधीच नको, आणि स्टँड दिल्याशिवाय हात घालू नकोस. ब्रेकच्या मागच्या पत्र्यात खाली रबरी बूच असतं. ते काढलं की आत दातेरी चाक दिसतं. ट्रेलरचं चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत ते दातेरी चाक फिरवायचं, मग उलट दिशेला एकेक दात सोडत यायचं. ट्रेलरचं चाक मोकळं फिरावं, पण कान दिला तर लायनर हलकंसं घासल्याची सळसळ ऐकू यावी.

वर्षातून दोनच सहली होतात, मग मैल कुठले भरणार, हा आक्षेप वाजवी वाटतो; पण उभ्या ट्रेलरच्या ड्रमला गंज चढतो, सील कडक होतात. बेअरिंगची तपासणी 12,000 मैल किंवा 12 महिने, जे आधी येईल तेव्हा करायची असते, ती यासाठीच. त्या वेळी ड्रम निघतोच. आत बघ: लायनर 1/16 इंचापर्यंत आलं असेल तर बदल. लायनरवर काळपट, चकचकीत डाग दिसला, तर मागच्या सीलमधून ग्रीस आलेलं आहे. ते पुसून उपयोग नाही, लायनर ते पिऊन बसतं. सील आणि शू दोन्ही नवे घाल. चुंबकाचा पृष्ठभाग एका बाजूने जास्त झिजला असेल तर तोही बदलायचा. आपोआप जुळणारे ब्रेक मिळतात, ते चांगलेही आहेत. पण ते फट सांभाळतात, ग्रीस आणि तुटकी वायर त्यांना दिसत नाही. गॅरेजला काम द्यायचं तर जरूर दे, फक्त उघडलेला ड्रम स्वतः पाहा.

चाकं परत बसवल्यावर नट 10, 25 आणि 50 मैलांनंतर पुन्हा आवळ. आणि बोगद्याकडे निघण्याआधी चारही ड्रम उघडून आत काय दिसलं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
सुधाकरमामा