पुरातून वर आलेला लेथ

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर कराड मागे पडल्यावर खिडकीच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस दिसू लागतो. ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी येतं. या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. बेळगावातून बिऱ्हाड हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली इथल्या माळावर जागा दिली आणि निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते अशी त्या काळी आपल्या शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर खपायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं वाट बघावी लागली म्हणतात. आज तुमच्याआमच्या आजोबांच्या नांगराची आठवण निघाली की त्या लोखंडी नांगराचीच निघते!

मी उतरलो ते कारखाना बघायला नव्हे. इथून पुढे कृष्णाकाठच्या एका गावात एक म्हातारे मिस्त्री राहतात आणि त्यांच्या घरी एक जुना लेथ आहे, तो बघायला. या पट्ट्यात गावोगाव एखादा तरी फिटर नाहीतर टर्नर सापडतोच. कारखान्यात जन्म काढायचा, सुट्टीच्या दिवशी घरच्या पडवीत चार अवजारं मांडून गावाची कामं करायची, ही इथली जुनी रीत. मिस्त्रींनी हा लेथ १९७४ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या दुकानातून विकत घेतला. नावाची पितळी पट्टी तेव्हाच गेलेली. साडेचार फुटी बेड, पायऱ्यापायऱ्यांची पुली, चामड्याचा पट्टा, वजन सातशे किलोच्या घरात. बैलगाडीतून आणला तेव्हा गाडीचा आस मोडला, हे सांगताना मिस्त्री अजून हसतात.

लेथ म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कुंभाराचं चाक आडवं केलं आणि मातीच्या जागी लोखंड धरलं, की झाला लेथ. लोखंड गरगर फिरतं, पोलादी हत्यार त्याला हळूच भिडतं आणि कुरळ्या साली सुटत जातात. मोटेची चाकं गेली नि पंप आले तेव्हापासून शेतकऱ्याचा या यंत्राशी रोजचा संबंध आला. शाफ्ट झिजला, बुश गेला, आटे मेले, की धाव टर्नरकडे. गावात टर्नर नसेल तर तालुक्याला. आणि तोवर ऊस उभ्या उभ्या वाळतो.

तर २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मिस्त्रींच्या घराची माणसं आणि जनावरं माळावर निघाली. लेथ कुठे नेणार? आठ दिवस तो पाण्याखाली राहिला. पाणी उतरलं तेव्हा बेडवर वीतभर गाळ आणि त्यावर मेलेला मासा. चार दिवसांत सगळ्यावर तांबडा गंज धरला. भंगारवाला ट्रक घेऊन फिरतच होता. त्यानं बावीस रुपये किलोचा भाव सांगितला. पंधरा हजारांवर रक्कम होत होती आणि घरात भिंती उभ्या करायला पैसा नव्हता. मुलगा म्हणाला, देऊन टाकू. मिस्त्री दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेनंच भंगारवाल्याला सांगितलं, "आधी भांडीकुंडी ने, मशीनचं मागनं बघू." ते मागचं बघणं तीन वर्षं चाललं.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती तुमच्या मोटरीला, इंजिनालाही लागू आहे. पुरात बुडालेलं यंत्र "चालतंय का बघू" म्हणून लगेच चालू करू नका. गाळ म्हणजे बारीक वाळू. बेअरिंगात ती फिरली की तासाभरात दहा वर्षांची झीज होते. शेजाऱ्यांनी आग्रह केला तरी मिस्त्रींनी पट्टा चढवू दिला नाही. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, लगोलग पुसून डिझेल मारलं, नंतर एकेक भाग सोडवायला घेतला. सोडवताना प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठ्या सुनेनं लिहिल्या, कारण मिस्त्रींचं अक्षर त्यांनाच लागत नाही.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि नात घरी परतली. ती आयटीआयमध्ये टर्नरचं शिकत होती. वर्गात चारच मुली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मशीनपेक्षा फळ्यासमोरच जास्त उभं राहावं लागे. घरी आल्यावर तिला आख्खं यंत्र सुटं करून मांडलेलं मिळालं. बारीकसारीक भागांचा गंज तिनं धुण्याच्या सोड्यानं काढला. प्लास्टिकच्या बादलीत सोड्याचं पाणी, त्यात गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण तारेला आणि जुना लोखंडी पत्रा धन तारेला. रात्रभरात गंज सुटून काळी राखुंडी होते, ब्रशनं निघते. मात्र यातून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचं. आणि स्टेनलेसचा चमचा किंवा ताटली पत्र्याच्या जागी कधी वापरायची नाही, त्यानं पाणी विषारी होतं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. टेलस्टॉकची मूठ गंजून बसली होती. मुलानं हातोडा घातला आणि मुठीचा दांडाच तुटला. बीड वाकत नाही, तुटतं. घरात त्या संध्याकाळी कोणी कोणाशी बोललं नाही. पुढे तो दांडा तापवून पितळेनं जोडला. जोड आजही पिवळा दिसतो. त्यावर रंग मारायला मिस्त्रींनी मनाई केली आहे.

खरं दुखणं होतं बेडचं. पूर नसता तरी ते होतंच. लेथचं बहुतेक काम चकजवळ चालतं, म्हणून बेड तिथेच झिजतो, उखळात मध्यभागी खड्डा पडावा तसा. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर घातला तर चार थाऊची पात जाई. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस दोनतीन थाऊ जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्याशानं काय होतं म्हणाल तर शाफ्ट एका टोकाला बारीक नि दुसऱ्या टोकाला जाड निघतो. बेड कोल्हापूरला ग्राइंडिंगला पाठवला. त्याचा खर्च एका म्हशीच्या दुधावर निघाला.

पण घासून सपाट झालेल्या बेडवर जुनं सॅडल बसेना. ते हातानंच बसवावं लागतं. तेलात शेंदूर कालवून बेडवर पुसट हात द्यायचा, सॅडल ठेवून मागेपुढे सरकवायचं आणि उलटं करून बघायचं. जिथं शेंदूर लागला ते उंच. तेवढंच स्क्रॅपरनं खरवडायचं. पुन्हा शेंदूर, पुन्हा सॅडल, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला तीनचार ठिपके उमटतात. सगळीकडे दाट ठिपके उमटू लागले की बसलं समजायचं. नातीनं हे दीड महिना केलं. मिस्त्रींची दृष्टी आता अधू, पण स्क्रॅपरचा आवाज ऐकून ते बाजेवरून म्हणत, "हात हलका ठेव गं. भाकरी थापतीस तसा." त्यावर तिचं उत्तर तयार असे, "आजोबा, माझी भाकरी तुम्हीच पानातनं बाजूला सारता."

हे सगळं जुळत आलं आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा वाढली. या खेपेला घर शहाणं झालं होतं. हेडस्टॉक, सॅडल, मोटर ट्रॉलीत घालून माळावर नेली. बेड हलेना, म्हणून त्यावर बोटभर जाड ग्रीस चोपडलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. पाणी आत आलं, गेलं. ग्रीस पुसल्यावर बेड जसाच्या तसा! आता लेथसाठी कमरेइतका उंच दगडी ओटा बांधला आहे आणि चढायला दोन पायऱ्या. देवघरासारखं दिसतं खरं.

एक गंमत सांगायची राहिली. जुना लेथ इंचातला. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण शेर-मणासारखे या यंत्रातले इंच काही गेले नाहीत. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं एक चाक लागतं. का? इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. चाकाला अर्धामुर्धा दाता तर असू शकत नाही, २५.४ ला पाचनं गुणलं की पहिल्यांदा पुरा आकडा येतो, १२७. हेच चाक पुरात फळीवरून पडून बेपत्ता झालं होतं. नवं पाडून घ्यायचा खर्च मोठा होता. पुढच्या उन्हाळ्यात सून रानात शेणखत विसकटत होती, तर पाटीत जड काहीतरी लागलं. पडवीतला गाळ उकिरड्यावर टाकला होता, त्यातून चाक खताबरोबर रानात गेलेलं! पदरात घेऊन ती पळत घरी आली. दोन दाते कुरतडलेत, पण चालतं.

मी गेलो तेव्हा लेथ चालत होता. मोटर घरच्या सिंगल फेजवर चालणारी, एक हॉर्सपॉवरची, म्हणजे शेतीच्या लाइटची वाट बघायला नको. नातीनं केस टोपीत कोंबलेले, ओढणी खुंटीला, हातात बांगडी नाही की हातमोजा नाही. फिरत्या चकजवळ सैल कापड किंवा हातमोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो. चकची चावी ती चकमध्ये एक क्षणही सोडत नाही. तपासणीसाठी एका कांबेवर दोन जागी सारखाच काप घेऊन तिनं मला मायक्रोमीटर दाखवला. ओट्यावर प्रथम बसवला तेव्हा दोन कापांत तीन थाऊंचा फरक होता. एका पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून तो अर्ध्या थाऊवर आणला.

दिवेलागणीला एक शेतकरी पंपाचा शाफ्ट पोत्यात गुंडाळून आला. बेअरिंगची बैठक खाल्लेली. रात्री बारानंतर त्याच्या फीडरची लाइट, आणि पाळी चुकली तर पुढली चार दिवसांनी. वेल्डिंगनं भरून आणलं होतं, त्यावर माप काढायचं होतं. ६२०५ नंबरचं बेअरिंग, भोक २५ मिलिमीटर. नातीनं भिंतीवर खडूनं हिशोब मांडला: इंचात ९८४ थाऊ आणि वर पाव. शेतकरी तिच्याकडे बघेना, सारखा मिस्त्रींकडे बघत होता. मिस्त्री बाजेवरून उठले नाहीत.

शेवटचा काप तिनं तीनदा मापून घेतला. लाकडी ठोकळ्याच्या हलक्या टोल्यानं बेअरिंग जागेवर जाऊन बसलं. तिनं शाफ्ट आजोबांच्या हातात दिला. त्यांनी बैठकीवरून अंगठा फिरवला, बेअरिंग कानाशी धरून फिरवलं आणि परत दिलं.

"मिस्त्री, किती द्यायचं?" शेतकऱ्यानं विचारलं.

"मला काय इचारतोस?" मिस्त्री म्हणाले. "जिनं केलंय तिला इचार."