अळणी

कोल्हापूर इलाख्यातील मांसाहारी घरांतून एक शिरस्ता पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: मटण वाफेवर शिजून त्याच्या अंगचा रस उतरला, की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सिद्धता होण्यापूर्वी वाटीभर पाणी बाजूस काढून ते आजाऱ्यास, बाळंतिणीस आणि तिखट न सोसणाऱ्या लेकरास द्यावयाचे. त्याला आम्ही अळणी म्हणतो. वास्तविक त्यात मीठ असते, आले-लसूण असते, पुष्कळदा परतलेला कांदाही असतो. ही विसंगती मला कळली ती फार महागात. एका यात्रेनंतर उरलेला हा अळणी रस्सा भाकरीवर ओतून तो सलग दोन दिवस मी माझ्या मुधोळी कुत्रीपुढे ठेवला, आणि चौथ्या दिवशी ती उठेना. हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी काळसर तांबूस झाली. कांद्या-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने ती बाधा जात नाही, आणि २० किलोंच्या जनावरास १०० ग्रॅम कांदाही घातक ठरू शकतो, हे पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा मान वर करवेना. ती वाचली, माझा अपराध मात्र मला आजही सलतो.

तेव्हापासून तिचे पातेले वेगळे. हुपरीत चांदीच्या कामात हयात घालवलेल्या माणसास विस्तवाचा स्वभाव थोडाफार उमगतो: चांदी ९६१ अंशांवर वितळते, मुशीखाली प्रखर जाळ लागतो, हाडांचे नेमके उलट. पायांचे किलोभर तुकडे चार लिटर थंड पाण्यात घालून, वर येणारी मळी पळीने काढीत, पाणी नुसते हलत राहील एवढ्याच आचेवर सहा तास ठेवले, म्हणजे कूर्चा व स्नायुबंध सावकाश विरघळतात. खळखळून उकळले, तर चरबी घुसळली जाऊन रस गढूळ होतो. मीठ नाही, मसाल्याची चिमूटही नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरतो, तो सबंध उचलून टाकावा, कारण अतिस्निग्ध आहाराने कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येऊ शकते. खालचा रस थिजून लुसलुशीत झाला असेल, तर काम साधले. हाडांतला चुना त्यात भरपूर उतरतो ही समजूत खरी नव्हे; हा रस म्हणजे जेवण नाही, जेवणावरचा ओलावा आहे.

मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेली आणि २००५ साली टपाल तिकिटावर मिरवलेली ही जात अंगाने सडसडीत, फासळ्या जात्याच दिसणारी. त्यामुळे येणारा-जाणारा तिला उपाशी समजून काहीबाही घालू पाहतो, आणि त्यांचा बंदोबस्त हेच माझे अर्धे काम होऊन बसले आहे. शिजलेले हाड ठिसूळ होऊन अणकुचीदार फुटते व आतडे फाडू शकते, म्हणून उरलेली हाडे मी परसात हातभर खोल पुरून वर फरशी ठेवतो. ती येते, फरशी हुंगते, आणि माझ्याकडे पाहत उभी राहते.