चौथी गोळी

आमच्या रोहा–पेण गाडीत एकदा वाद पेटला, की नागोठणे, कासू कधी मागे पडले ते कळत नाही. परवा विषय निघाला गांधीहत्येचा. एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, "अरे, गोळ्या तीन नव्हत्याच, चार होत्या! चौथी झाडणारा निराळाच!" दुसऱ्याने विचारले, "पुरावा?" उत्तर आले, "तोच तर दडपला ना!"

या उत्तरापुढे बोलणेच खुंटते. पुरावा नाही हाच पुरावा ठरू लागला, तर जगात कोणावरही काहीही सिद्ध करता येईल.

वास्तविक या प्रकरणात 'कट' हा शब्द काल्पनिक मुळीच नाही. २० जानेवारी १९४८ रोजी मदनलाल पाहवाने बिर्ला भवनात स्फोट घडवला. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून पूर्वी ऐकलेली हकीकत बाळासाहेब खेर व मोरारजी देसाई यांच्या कानी घातली. तरीही ३० जानेवारीला नथुराम गोडसे पिस्तूल घेऊन प्रार्थनास्थळी पोचलाच! लाल किल्ल्यातील खटल्यात १४९ साक्षी झाल्या. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालाने नथुराम व आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप झाली. सावरकर निर्दोष सुटले. पुढे अपिलात त्या पाचांपैकी दोघे सुटले. कट सिद्ध झाला तो पुराव्याने, आणि माणसे सुटली तीही पुराव्याच्याच कसोटीवर.

१९६६ साली नेमलेल्या कपूर आयोगाने मात्र १९६९ च्या अहवालात सावरकरांबाबत वेगळा निष्कर्ष काढला. न्यायालयापुढे न आलेले जबाब आयोगापुढे होते. पण त्याआधीच सावरकर निवर्तले होते. उत्तर द्यायला ते नव्हते. शिवाय आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. म्हणून या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात, सोयीची तेवढी उचलू नये.

आणि चौथी गोळी? तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ज्येष्ठ वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतली. त्या दाव्याला आधार सापडला नाही आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली.

"दिल्लीची गोष्ट, आपल्याला काय त्याचे?" असे आपल्याला म्हणता येत नाही. १९४० साली गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून ज्यांना निवडले, ते विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. आणि गोळ्या झाडणारा पुण्याचा. दोघेही आपलीच भाषा बोलणारे! हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या घरांतल्या माणसांचा कटाशी संबंध काय, हे कोणी विचारले नाही. मारेकऱ्याची जात हाच पुरावा ठरला. गाडीतल्या त्या उत्तराची मला भीती वाटते ती याचसाठी.

मित्रहो, शंका जरूर घ्यावी. प्रा. जैनांच्या सांगण्याची वेळीच नीट दखल घेतली गेली असती, तर कदाचित इतिहास बदलला असता. पण शंका घेणाऱ्याने स्वतःलाही चार प्रश्न विचारावेत. हे पाहिले कोणी? सांगितले केव्हा? उलटतपासणी झाली का? आणि माझे म्हणणे खोटे ठरले, तर ते मान्य करण्याची माझी तयारी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिले तीन विचारण्यात काय अर्थ?